फुगे वाचा हो, नुसती चित्रं काय बघता!

गेल्या रविवारी ताई आणि भाचा आले होते. भाचेबुवांनी माझ्या कपाटातून जस्टिस लीगचे जुने अंक काढले आणि भराभर पानं उलटायला सुरुवात केली. म्हटलं, "अरे, वाचतोयस की वारा घेतोयस?" तर म्हणतो, "मामा, मारामारी बघतोय. फुग्यांतली बडबड सोडली तरी गोष्ट कळते."

ताई समोर होती म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

गोष्ट कळते, कबूल. कारण ती आधीच माहीत असते! खलनायक येणार, शहर धोक्यात, शेवटच्या पानावर तो आपटणार. सुपरहिरो कॉमिक म्हणजे साचाच. पण रुक्मिणीस्वयंवराच्या शेवटी लग्न होणार हे ठाऊक असूनही लोक कीर्तनाला बसतातच ना? बुवा काय बोलतात ते ऐकायला बसतात. साच्याला नाकं मुरडणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे: साचा वाईट नसतो, त्यातली मुकी माणसं वाईट.

बॅटमॅन १९३९ सालचा, रॉबिन १९४० चा. बॅटमॅनच्या जनकांपैकी एक, बिल फिंगर, यांनी नंतर सांगितलं होतं की बॅटमॅनला बोलायला कुणी नव्हतं, सारखा आपला स्वतःशीच विचार करायचा. होम्सला जसा वॉटसन, तसं याला कुणीतरी हवं होतं. म्हणजे रॉबिन जन्मला तोच मुळी बोलण्यासाठी. आणि लोक म्हणतात बडबड!

आपल्यापैकी बरेच जण इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेले. त्यातला मँड्रेकचा लोथार आठवतो? १९३४ साली मूळ इंग्रजीत तो आला तेव्हा मोडकंतोडकं बोलायचा. एवढा बलदंड माणूस, पण नुसता हमाल. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला आले, त्यानंतर त्याचे कपडे बदलले आणि भाषाही सरळ झाली. तेव्हा कुठे तो मँड्रेकचा मित्र वाटायला लागला. ताकद तीच होती, बोलणं नवं होतं.

आता माझी लाडकी जोडी: ब्लू बीटल आणि बूस्टर गोल्ड. १९८७ मध्ये सुरू झालेल्या जस्टिस लीगमध्ये कथानक कीथ गिफन यांचं, संवाद जे. एम. डीमॅटिस यांचे. संवादाला वेगळा माणूस ठेवला होता, हे लक्षात घ्या. बीटल म्हणजे टेड कॉर्ड, हुशार पण कसलीही दैवी शक्ती नसलेला. बूस्टर पंचविसाव्या शतकातल्या संग्रहालयातून यंत्रं ढापून आलेला, प्रसिद्धीला हपापलेला. दोघं मिळून लीगच्या पैशांतून एका बेटावर जुगारअड्डा काढतात आणि ते बेटच जिवंत निघतं! कथानक म्हणून शुद्ध वेडेपणा. पण एक योजना मांडतो, दुसरा हरकत घेतो आणि दोन-चार फुग्यांनंतर हरकत घेणाराच जास्त उत्साहात असतो. असले मित्र आपल्या सगळ्यांना असतात. :)

(भाचेबुवा, पुढचा परिच्छेद सोड. तशी सवय आहेच तुला.)

२००५ मध्ये मॅक्सवेल लॉर्ड टेडला गोळी घालतो. हा मॅक्स म्हणजे त्या जुन्या हसऱ्या अंकांत यांचाच साहेब! ज्यांनी फक्त मारामाऱ्या पाहिल्या, त्यांच्या लेखी एक दुय्यम हिरो गेला. ज्यांनी फुगे वाचले, त्यांचा मित्र गेला. पुढे २००७ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत बूस्टर काळात मागे जाऊन टेडला वाचवतो. त्याने वर्तमान बिघडतं आणि शेवटी टेड स्वतःच मरायला परत जातो. कालप्रवासाचा हा साचा किती झिजलेला! तरी माझा घसा दाटला. का? तर वीस वर्षं त्या दोघांची फालतू बडबड ऐकली होती म्हणून.

कुणी म्हणेल, मग हल्लीच्या सुपरहिरो सिनेमांत दर वाक्याला कोटी असते, ते का आवडत नाही? कारण ती कोटी कुणाच्याही तोंडी चालते. साधी परीक्षा सांगतो. दोघांचे फुगे आपसांत बदलून बघा. काहीच बिघडलं नाही तर तो संवाद नव्हे, भरताड. बीटलचं वाक्य बूस्टरला द्या, लगेच खटकेल. आणि चित्रात दिसतंय तेच फुग्यात सांगणारा जोडीदार तर क्रिकेटचा समालोचकच, त्याला मुखवटा कशाला हवा?

असो. भाचा जाताना चार अंक घेऊन गेला. काल रात्री फोन आला, "मामा, ते बेट खरंच पळून जातं?"

बेट पळतं हे चित्रात दिसतंच, बाळा. ते दोघं एकमेकांना काय सांगतात ते वाच, मग ये. पुढचे अंक काढून ठेवलेत.