मांडवातली अर्धी भाकरी
सारसोळ्यासारख्या आगरी-कोळी गावात हळदीच्या रात्री पाहुण्याने 'बस झालं' म्हणणं हा जवळजवळ अपमानच. वजन घटवायची शस्त्रक्रिया करून आलेल्याची खरी परीक्षा या मांडवात होते. स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती केळ्याएवढी अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक कमी होतं, पण आग्रह करणाऱ्या मावश्या कमी होत नाहीत. पहिले काही आठवडे पातळ डाळ, ताक, गाळलेलं सूप. मग कुस्करलेलं, मग मऊ. इथे मला बोंबलाचं कौतुक वाटतं. ताजा, वाफवून काटा काढलेला बोंबील लोण्यासारखा मऊ, वर प्रथिनं देणारा. (कुरकुरीत तळलेला चालणार नाही, हे लिहिताना माझाच जीव तुटतो.) पाणी जेवणासोबत नाही, अर्ध्या तासाने, तेही घोटघोट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. घाबरून लोक तेलं बदलतात, पण केस बहुधा पुन्हा येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या मात्र जन्मभर. २०११ मध्ये नितीन गडकरींनी अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हाही चर्चा झाली ती घटलेल्या किलोंचीच. रोज जेट्टीपर्यंत पायी जाऊन येणाऱ्या, अर्ध्या भाकरीवर हात धुणाऱ्या माणसाला पंगतीत एवढंच विचारतात, "बरं नाय का रं तुला?"