धूर दिसतो, धूळ दिसत नाही



मुलांच्या रक्तातल्या शिशाचे सगळे खापर चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या चिमण्यांवर फोडणारे पत्र वाचले. धूर आहेच; पण त्यामुळे घर निर्दोष ठरत नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या-ग्रिलांचे काय? दिवाळीपूर्वी आपण त्या पॉलिशपेपरने कोरड्याच घासतो. ती धूळ फरशीवर, तिथून रांगत्या बाळाच्या बोटांवर आणि बोटे तोंडात. मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे लहान मुलांचे शरीर शोषून घेते.

बॅटरी किंवा सोल्डरिंगच्या कामावरून आलेला बाप शिशाची धूळ बसलेल्या त्याच कपड्यांनी पोराला उचलून घेतो. त्याला दोष कसा द्यायचा? कंपनीतच आंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय हवी. स्वस्त कल्हईच्या कथलातली आणि पिवळ्याजर्द सुट्या हळदीतली शिशाची भेसळही तपासा.

पत्रलेखकांनी चिमण्या जरूर मोजाव्यात. पण महापालिकेने दवाखान्यात लसीकरणाला आलेल्या मुलांचे रक्तही तपासावे, ही मागणी त्यांच्या पत्रात का नव्हती?

– एक वाचक, निगडी