दुसऱ्या प्रेताची सोय

रहस्यकथा खपली की प्रकाशकाला तिचा पुढचा भाग हवा असतो, आणि पुढच्या भागाला आणखी एक प्रेत लागते. व्यवसायाचा हा नियम जुनाच आहे. परंतु कथेचे स्थळ शाळा असेल, मरणारा सतरा वर्षांचा असेल आणि वाचणाराही त्याच वयाचा असेल, तेव्हा या नियमाकडे केवळ व्यवसाय म्हणून पाहता येईल काय?

अमेरिकन लेखिका कॅरेन मॅकमॅनस यांची ‘वन ऑफ अस इज लाइंग’ ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि तुफान खपली. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतील आपली मुलेही ती आवडीने वाचतात. शिक्षा म्हणून शाळेत थांबवून ठेवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी सायमन हा शेंगदाण्याच्या तेलाची बाधा होऊन मरतो. इतरांची गुपिते चव्हाट्यावर मांडणे हा त्याचा उद्योग. म्हणून उरलेल्या चौघांवर संशय. अखेरीस उलगडते ते असे की, सायमनने आपला मृत्यू स्वतःच योजला होता; आळ मात्र इतरांवर जावा अशी व्यवस्था करून ठेवली होती. या उलगड्यात काही सत्य होते, हे मान्य केले पाहिजे. एकाकी, मत्सराने पोखरलेला मुलगा कोणत्या थराला जातो, हे वाचकाला दिसत होते. त्या मरणाला वजन होते.

२०२० साली दुसरा भाग आला, ‘वन ऑफ अस इज नेक्स्ट’. शाळा तीच. एक अज्ञात व्यक्ती विद्यार्थ्यांना मोबाईलवर निरोप धाडते : गुपित उघड होऊ द्या, नाहीतर सांगितलेले धाडस करा. फीबी नावाच्या मुलीचे गुपित फुटते आणि शाळाभर तिची छी-थू होते. मुलीची अब्रू म्हणजे सर्वांच्या करमणुकीचा विषय आणि मुलाचे तेच वर्तन म्हणजे मर्दुमकी, हा ढोंगीपणा लेखिकेने नेमका टिपला आहे. पण पुढे काय होते? ब्रँडन वेबर हा उर्मट, इतरांना छळणारा मुलगा अर्धवट बांधकामाच्या जागी उडी मारताना कोसळून मरतो. मग कळते, की लहानपणी त्याने एका फोर्कलिफ्टशी खेळ केला होता, त्यातून फीबीच्या वडिलांचा मृत्यू ओढवला आणि मोठ्यांनी ते प्रकरण दडपले. म्हणजे हा अपघात नव्हे, ठरवून घेतलेला सूड होता.

आमचा आक्षेप आहे तो नेमका येथे. मरणारा आधी दुष्ट ठरवला जातो, मग त्याच्या नावे जुने पातक शोधून काढले जाते, आणि वाचकाची शोक करण्याच्या जबाबदारीतून सुटका होते. पुस्तक मिटताना ब्रँडनसाठी कोणाचा श्वास अडखळत नाही. त्याच्या जाण्याने एक कोडे सुटले, एवढेच.

हा एका लेखिकेचा दोष म्हणून सोडून देता आला असता. पण ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या नेटफ्लिक्सवरील मालिकेकडे पाहा. जे आशर यांच्या २००७ सालच्या कादंबरीवरील ही मालिका २०१७ साली सुरू झाली. एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येची ती कहाणी पहिल्याच पर्वात संपली होती. तरी मालिका २०२० पर्यंत चार पर्वे चालली. २०१९ सालचे तिसरे पर्व चक्क खुनाचे रहस्य झाले. मेला कोण? ब्राइस वॉकर, बलात्कारी. खून करणारा आपल्या ‘चांगल्या’ मुलांपैकीच एक. आणि ही चांगली मुले मिळून तो गुन्हा तुरुंगात मेलेल्या दुसऱ्याच एका मुलाच्या माथी मारतात. तोही वाईटच होता ना! विशेष म्हणजे त्याच वर्षी नेटफ्लिक्सने पहिल्या पर्वातील आत्महत्येचे दृश्य टीकेनंतर काढून टाकले. दृश्य कापता आले. खोट्या आळाला न्याय म्हणणारी ही दृष्टी कोण कापणार?

कोणी म्हणेल, अगाथा ख्रिस्तीनेही १९३४ सालच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मध्ये नराधमाचाच खून दाखवला. दाखवला, परंतु तेथे शोकाने करपलेली प्रौढ माणसे आहेत, आणि त्यांना सोडावे की धरावे हा प्रश्न कथेच्या शेवटी उघडपणे मांडला जातो. शाळेतल्या या कथांत तो प्रश्न विचारणारा प्रौढच नाही. शिक्षक सूचना देतात, पालक कामावर असतात, पोलीस चुकतात. निवाडा मुलांनीच करायचा, तोही मोबाईलवर आलेल्या अर्धवट माहितीच्या आधारे.

हे सारे ज्या देशात लिहिले जाते, तेथे कोलंबाइन येथे १९९९ साली, सँडी हूक येथे २०१२ साली आणि पार्कलंड येथे २०१८ साली शाळेतच मुले मारली गेली. त्यांच्या आईवडिलांना कोणी विचारले नाही की, तुमचे मूल स्वभावाने चांगले होते का?

२०२३ साली मॅकमॅनस यांचा तिसरा भाग आला, ‘वन ऑफ अस इज बॅक’. त्यात रेजी क्रॉली नावाचा मुलगा मरतो. मुलींचे चोरून चित्रीकरण करणारा म्हणून वाचक त्याला आधीपासूनच ओळखत असतात.