श्रीनगरचे ३७ अंश आणि भाजलेलं सफरचंद

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे ५ जुलै २०२५ रोजी श्रीनगरमध्ये नोंदलं गेलेलं ३७.४ अंश तापमान आपल्याला किरकोळ वाटेल. पण देशातली बहुतांश सफरचंदं काश्मीरमधून येतात आणि तिथल्या बागायतदारासाठी हा आकडा धोक्याचा आहे. कारण हवा ३७ अंशांवर असते तेव्हा उन्हातलं फळ त्याहून बरंच जास्त तापलेलं असतं.

फळ हवेपेक्षा जास्त का तापतं?

पान सूक्ष्म छिद्रांतून वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं. फळाला ही सोय जवळपास नाही. थेट उन्हातल्या सफरचंदाची साल हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी अधिक तापू शकते. वारा पडला की आणखी अडचण. साल ४६ ते ४९ अंशांवर गेली की उन्हाच्या बाजूला पिवळसर-तपकिरी डाग उमटतो. ५२ अंशांवर तर १० मिनिटांत सालीच्या पेशी मरतात. नाशपातीची फळंही अशीच भाजतात, शिवाय कडक उन्हात तिची पानं काळी पडतात. डाग पडलेलं फळ प्रतवारीत खाली घसरतं. वर्षभराच्या मेहनतीचा भाव एका दुपारी पडतो, तो असा.

उपाय कोणते?

पहिला उपाय सावलीची जाळी. ती ऊन काही प्रमाणात अडवते. मात्र जाळी फार दाट झाली तर सफरचंदाला लाली चढत नाही आणि पुढच्या हंगामाच्या फुलकळ्यांवरही परिणाम होतो. दुसरा उपाय केओलिनची फवारणी. या पांढऱ्या मातीचा पातळ थर ऊन परतवतो. आपल्याकडचे डाळिंब उत्पादकही हाच उपाय करतात, काही जण फळं कापडाने झाकतात. तिसरा उपाय झाडांवरून पाण्याचे तुषार सोडण्याचा.

इथे थोडं गणित. १ लिटर पाणी १० अंशांनी तापताना फक्त ४२ किलोज्यूल उष्णता घेतं. तेच पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेतं. म्हणजे थंडावा बाष्पीभवनातून येतो, नुसतं पाणी ओतण्यातून नाही. म्हणून काही मिनिटं तुषार, मग फळ सुकू देणं, पुन्हा तुषार, अशी पद्धत कमी पाण्यात जास्त काम करते. पाणी क्षारयुक्त असेल तर मात्र सालीवर पांढरे डाग राहतात.

आणखी एक खबरदारी. ऐन उन्हाळ्यात एकदम जास्त छाटणी केली, तर सावलीत वाढलेलं फळ अचानक उघडं पडतं आणि एरवीपेक्षा कमी तापमानातही भाजतं.

आधी मोजमाप हवं

हे सगळे उपाय माहितीतले आहेत. अडचण ते कधी सुरू करायचे, ही आहे. हवामानाचा अंदाज हवेचं, तेही सावलीतलं तापमान सांगतो. बागायतदाराला हवं असतं उन्हातल्या सालीचं तापमान. कोविडकाळात दुकानांच्या दारात कपाळासमोर धरायचे तसाच, पण जास्त तापमान मोजणारा इन्फ्रारेड तापमापक बागेत हे काम करू शकतो. प्रत्येक लहान बागायतदाराने तो घ्यावा, ही अपेक्षा योग्य नाही. पण गावात एक असावा, दुपारच्या नोंदी मोबाइलवर जाव्यात आणि कृषी सल्ल्यात ‘आज साल ४६ अंश ओलांडेल’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढं सरकारी यंत्रणेला नक्कीच जमण्यासारखं आहे.

गारांपासून बचावासाठी बागांवर जाळ्या लागतातच. त्या निवडतानाच ऊन किती अडेल याचाही हिशेब केला, तर एकाच खर्चात दोन संकटं हाताळता येतील. उष्णतेची लाट आल्यावर अनुदानाची घोषणा करण्यापेक्षा हे स्वस्त आहे. भाजलेल्या फळाचा डाग भरपाईने पुसला जात नाही.