भीमेच्या पाण्याला पहारेकरी हवेत

भीमेवरच्या उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत आता असा एक मासा येतो, जो कुणी आवडीनं खात नाही आणि ज्याला बाजारात भाव नाही. अंगावर हाडांचं कवच, खालच्या अंगाला चिकटणारं तोंड, काटेरी पर. अडकला की तो सोडवताना जाळं फाटतं. हा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे आला तो घरातल्या काचपेटीतून. शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवतो म्हणून बोटाएवढा असताना तो विकला जातो. हातभर वाढला की पेटीत मावत नाही, मारवत नाही, मग कुणीतरी दयाबुद्धीनं त्याला नदीत सोडून येतं. तो काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो आणि काठ ढासळवतो. पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवा गिळतो. पुण्याहून वाहत येणाऱ्या सांडपाण्यात आपले मासे गुदमरतात, तिथे हा जगतो.

पहिला सकर ज्याच्या जाळ्यात आला, त्या मच्छीमाराला तो कुणाला दाखवायचा हे ठाऊक असतं तर? दोन-चार मासे काढता येतात. धरणभर पसरलेले मासे कुणालाच काढता येत नाहीत. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

जलपर्णीचंही तेच. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती मैलापाण्यावर पोसली की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. पवना, मुळा, इंद्रायणी या नद्या उन्हाळ्यात हिरव्या दिसू लागल्या, डास घरात शिरले, की आरडाओरड होते, निविदा निघते, यंत्रं उतरतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुलाखालच्या कोपऱ्यात चार रोपं तरंगत होती, तेव्हा ती उपटायला दोन माणसं पुरली असती. फक्त त्या वेळी तिथे कुणी बघत असायला हवं होतं.

हे बघणं म्हणजे नुसतं काठावर फिरून येणं नव्हे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, त्याच मापाचं जाळं टाकायचं. आलेला प्रत्येक मासा ओळखायचा, मोजायचा, फोटो काढायचा, आपला असेल तर परत सोडायचा. काठाची, घाटांची, बंधाऱ्यांची पाहणी करायची. आता तर पाणी गाळून त्यात उतरलेल्या डीएनएवरूनही न दिसलेल्या माशाचा माग काढता येतो. एका पाण्यातलं जाळं दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवायचं, नाहीतर पाहणी करणाराच बी वाहून नेतो. चिखलात उभं राहून करायचं हे काम आहे, आणि अनेकदा वहीत लिहावं लागतं, ‘नवं काही आढळलं नाही’. तीही मोलाची नोंद असते. तिच्यामुळेच पुढच्या वर्षी नवं काय आलं ते कळतं.

आणि आपल्याकडे अशा नोंदींची परंपरा आहे. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं. दख्खनचा महसीर शास्त्राला माहीत झाला तो त्यातूनच, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. १९४२ मध्ये फ्रेझर या अभ्यासकांनी पुण्याच्या माशांची यादी केली. त्या याद्या नसत्या तर आपण काय गमावलं हेसुद्धा आज सांगता आलं नसतं. आपण मात्र पुढच्यांसाठी काय लिहून ठेवतो आहोत?

बाहेरून आलेल्या माशांत चिलापीचा, म्हणजे तिलापियाचा, विषय निघाला की काही जण चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. तिलापिया १९५२ मध्ये देशात आणला, १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला मनाई झाली, आणि तरीही आज उजनीकाठच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्या घरांवर मी बोट ठेवणार नाही. पण चिलापी आता उजनीतून निघणार नाही, हेही खरं आहे. म्हणूनच पुढचा पाहुणा दारातच अडवायला हवा. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर २०००पासून बंदी आहे, तरी लपूनछपून तळी चालतात आणि पुराच्या पाण्याबरोबर तो मासा नदीत उतरतो. कायदा कागदावर आहे. काठावर नजर नाही.

नजर ठेवायची कुणी? २००२च्या जैविक विविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढा. आपल्या नदी-तलावातले मासे आणि पाणवनस्पती तिच्यात दरवर्षी नव्यानं लिहा. भोई, कोळी बांधवांना त्या समितीत मानानं बसवा आणि या कामाचा मोबदला द्या. पाणी त्यांच्याइतकं कुणी ओळखत नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी एकेक बंधारा दत्तक घ्यावा. ओळख पटत नसेल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांना विचारा. घरातली काचपेटी नकोशी झाली तर मासे दुकानदाराला परत द्या, नदीत सोडू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ते बंद टाकीत सोडा, ओढ्यात नको.

सरकारकडे मागणी एकच: जलपर्णी काढण्यावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग वर्षभराच्या पाहणीसाठी राखून ठेवा. आणि तुम्ही, वाचणारे, गावात असाल तर येत्या ग्रामसभेत, शहरात असाल तर आपल्या नगरसेवकाकडे, एक साधा अर्ज लेखी द्या: आमच्या पाण्याची नोंदवही दाखवा, आणि ती शेवटची कधी भरली ते सांगा.