साचा नको, वाक्य हवे

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही शिष्यवृत्ती का अडली, हे विचारणारे चार ओळींचे पत्र पदवीच्या वर्गातील अनेक विद्यार्थ्यांना स्वतःच्या वाक्यांत लिहिता येत नाही. आमच्या मते दोष त्यांच्या बुद्धीचा नसून अध्यापनाचा आहे.

आपण पत्राचा साचा पाठ करून घेतो. ‘रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट’ ही वसाहतकाळातील अर्जदाराची भाषा. तिच्यात याचना आहे. हक्काचे मागतानाही विद्यार्थी आधी हात जोडतो. मराठी मायन्यातील ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’ यांतून नाते कळते. इंग्रजीतील ‘डिअर’ वडिलांनाही चालते आणि अनोळखी अधिकाऱ्यालाही. हा फरक कुणी सांगत नाही.

व्याकरणाचेही तेच. ‘मला ताप आला आहे’ या वाक्यात कर्ता ताप. ‘आय हॅव अ फीवर’मध्ये कर्ता ‘आय’. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच. ही तुलना फळ्यावर दोन ओळींत होते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचले. मग इंग्रजी शिकवताना मराठीचा आधार घेण्यात कमीपणा कसला?

कर्ता कोण, क्रिया कोणती, मागणे काय, हे मराठीत नेमके सांगता आले की इंग्रजी पत्राचे निम्मे काम होते. म्हणून ही जबाबदारी आम्ही मराठीच्या शिक्षकांनीही उचलली पाहिजे.