शिट्टी लाकडाची की ॲक्रिलिकची?

अमेरिकेतील शिकारी रानबदकांना बोलावण्यासाठी बदकाचा आवाज काढणारी शिट्टी वापरतात. आर्कान्सा राज्यातील स्टटगार्ट गावी १९३६ साली तिच्या वादनाची स्पर्धाही सुरू झाली. लाकडी शिट्टीचा आवाज मऊ, तर ॲक्रिलिकचा खणखणीत, असे हे शिकारी सांगतात. पण हा फरक खरोखर पदार्थामुळे पडतो काय?

फुंकर मारली की शिट्टीतील पातळ पट्टी कंप पावते व नळीतील हवा निनादते. जाड भिंत फारशी थरथरत नाही. १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे व लाकूड यांच्या, आतून सारख्या मापाच्या बासऱ्या न दाखवता ऐकवल्या. श्रोत्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. बासरीत पट्टी नसते हे खरे; तरी शंका घ्यायला एवढे पुरे.

लाकूड ओलाव्याने फुगते, सुकल्यावर आक्रसते. ॲक्रिलिकचे माप जवळजवळ बदलत नाही. म्हणून दलदलीत ॲक्रिलिक घ्यावे. केवळ आवाजासाठी जादा दाम मोजू नये, असे माझे मत आहे.

शिक्षकांनी वर्गात सारख्या लांबी-व्यासाच्या बांबूच्या व प्लॅस्टिकच्या नळ्या पडद्याआड वाजवून पाहाव्यात. निकाल कानांनी द्यावा, डोळ्यांनी नव्हे!